ऑर्थोची सुरुवात कुठून करावी: हाड थांबतं, रक्त थांबत नाही

सिंधुदुर्गात एमबीबीएस करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. ऑर्थोची, म्हणजे अस्थिरोग विभागातली, पोस्टिंग सुरू होतेय, पुस्तक जाडजूड आहे, फ्रॅक्चरच्या वर्गीकरणांची नावं डोक्यात राहत नाहीत. सुरुवात कुठून करायची आणि सामान्य आजारांपैकी कोणते आलेच पाहिजेत, असं त्याने विचारलंय.

मी किनारपट्टीवरच अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे उत्तर इथल्या पेशंटना डोळ्यांसमोर ठेवूनच देतो. वर्गीकरणं सध्या बाजूला ठेवा. ती सर्जनला ऑपरेशन ठरवायला लागतात, आणि त्या टप्प्यावर पोचाल तेव्हा आपोआप पाठ होतील. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेशंटपुढे उभं राहून एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: यात काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही? मोडलेलं हाड बहुतेक वेळा थांबतं. हाडाजवळून जाणारी रक्तवाहिनी, नस, वरची फाटलेली कातडी, सांध्यात साठलेला पू, दाबला गेलेला मज्जारज्जू हे थांबत नाहीत. कोकणात या प्रश्नाला जास्तच धार आहे, कारण पेशंट अनेकदा घाट उतरून किंवा चढून, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठायच्या वाटेवर असतो. अलिबाग, ओरोस, रत्नागिरी इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली म्हणून अंतर कमी झालं, संपलेलं नाही.

झाडावरून पडलेल्या माणसापासून सुरू करू. एप्रिल-मे आला की हापूसच्या कलमांवरून पडलेले येतात, माड-पोफळींवरून पडणारे तर वर्षभर. सोबतचा मुलगा घाबऱ्याघुबऱ्या सांगतो, "बापूस माडावरसून पडलो." इथे थांबून विचारा: किती उंचीवरून, खाली काय होतं, आधी काय टेकलं? पाय टेकून पडलेल्या माणसाचा मार टाचेतून वर चढतो. टाचेचं हाड, घोटा, गुडघा, खुबा, मग कंबरेचा मणका. टाच मोडलेल्या दहा जणांतल्या साधारण एकाचा मणकाही मोडलेला असतो. म्हणून टाच सुजलेली दिसली की दुसरी टाच आणि पाठ तपासल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. दुखणं टाचेत जास्त असतं, त्यामुळे पेशंट स्वतः पाठीबद्दल बोलत नाही.

मणका मोडतो तो बहुधा छाती आणि कंबर यांच्या सांध्यावर, बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कंबरेच्या मणक्याच्या आसपास. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालचा मोकळा. सगळी ताकद त्या जोडावर येऊन आदळते. आणि मज्जारज्जू संपतो तोही साधारण याच पातळीला, त्यामुळे तिथल्या माराने पाय आणि लघवी दोन्ही जाऊ शकतात. असा माणूस रिक्षात बसवून आणलेला असतो, किंवा एकाने काखेत आणि दुसऱ्याने पायांना धरून उचललेला. आणणाऱ्यांना ओरडू नका, त्यांच्या जिवाची घालमेल झालेली असते. पण तुमच्या हातात आल्यापासून त्याला ओंडक्यासारखा एकसंध वळवायचा: डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत, चार माणसं, आणि हुकूम डोक्याशी असलेल्याचाच.

मग पायांची ताकद पद्धतशीर बघा. मांडी उचल, गुडघा सरळ कर, पाऊल वर घे, अंगठा वर घे, पाऊल खाली दाब. कंबरेच्या दुसऱ्या नसेपासून त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबरेखालच्या तिकोनी हाडाच्या, पहिल्या नसेपर्यंत हा क्रम आहे, आणि दोन मिनिटांत होतो. गुदद्वाराभोवतीची संवेदना तपासायला संकोच करू नका. पाय पूर्ण लुळे दिसत असताना तिथली संवेदना शिल्लक असेल तर नुकसान पूर्ण झालेलं नाही, आशा वेगळी आहे. हे मार लागल्यावर पहिल्यांदा तपासणाऱ्यानेच टिपून ठेवायला हवं. सहा तासांनी बघणाऱ्याला आधी काय होतं ते कधीच कळत नाही. आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. कंबरेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाचा रक्तदाब खाली आला तर ते मणक्यामुळे झालंय असं समजू नका. मज्जारज्जूच्या धक्क्याने रक्तदाब घसरतो तो छातीच्या वरच्या भागातल्या किंवा मानेतल्या मारात, आणि तेव्हा नाडी मंद असते. झाडावरून पडलेला, नाडी जलद, अंग गार: रक्त कुठेतरी वाहतंय. पोट, छाती, कटी (ओटीपोटाभोवतीची हाडं) शोधा. कटी मोडल्याचा संशय असेल तर घडी घातलेली चादर मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यांवरून आवळून बांधा. बहुतेक जण ती कंबरेवर, नको तेवढी वर बांधतात. तिचा उपयोग होत नाही.

आता लहान मुलाचं कोपर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण एका संध्याकाळच्या दुर्लक्षाने आयुष्यभराचा हात जातो तो इथे. पाच ते आठ वर्षांचं पोर पेरूच्या नाहीतर काजूच्या झाडावरून, पडवीच्या कठड्यावरून हात टेकून पडतं. दंडाचं हाड कोपराच्या लगेच वर मोडतं, तिथे ते पत्र्यासारखं पातळ असतं. वरच्या तुकड्याचं टोक पुढे येतं, आणि पुढे नेमकी हाताची मुख्य धमनी आणि मध्य नस असते. गार्टलंडने १९५९ मध्ये याचे तीन प्रकार केले. ते वाचालच. त्याआधी हात बघा.

मनगटाची नाडी लागते का? नखं दाबून सोडल्यावर गुलाबी होतात का? नाडी लागत नाही पण पंजा गुलाबी आणि उबदार आहे, ही एक गोष्ट. पंजा पांढरा आणि गार आहे ही दुसरी. पांढरा हात म्हणजे त्याच क्षणी वरिष्ठांना फोन, नंतर बाकी सगळं. नसा तपासायला घाबरलेल्या पोराशी दगड-कागद-कात्री खेळा. दगडाची मूठ मध्य नस दाखवते, कागदाचा उघडा पंजा रेडियल, कात्रीची फाकलेली बोटं अल्नर. शेवटी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायला सांगा. गोल होण्याऐवजी बोटं चपटी पडली तर मध्य नसेची आतली पुढची फांदी दुखावलीय, आणि या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त दुखावली जाते ती हीच. खेळ एक मिनिटाचा. तो करून, निष्कर्ष वेळेसकट लिहून मगच एक्स-रेला पाठवा. पाठवताना कोपर थोडंसं, वीस-तीस अंशांतच वाकलेलं ठेवून खपाटी (स्प्लिंट) बांधा. सुजलेलं कोपर काटकोनात आणलं तर उरलासुरला रक्तपुरवठाही दाबला जातो.

आमच्याकडे अजूनही बरीच मुलं आधी हाडवैद्याकडे जातात. तो गावातला आहे, रात्री दार उघडतो, ओळखीचा आहे. लोक का जातात ते समजून घ्या आणि आईबापांना त्यावरून टाकून बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे आणखी उशिरा येतील. पण बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी बांधलेला हात आला तर ती पट्टी त्या मिनिटाला कापायची. हातपायांचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत सूज वाढते, बाहेर पट्टी आवळते, कप्प्यातला दाब केशवाहिन्यांपेक्षा जास्त होतो आणि स्नायू गुदमरतात. सहा तासांच्या आसपास ते कायमचे मरायला लागतात. मग ते आखडतात, बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकडी होतात. फोल्कमनने १८८१ मध्ये याचं वर्णन केलं, आणि अतिघट्ट पट्ट्यांकडे तेव्हाच बोट दाखवलं.

हे ओळखायचं कसं? पुस्तकात पाच 'पी' दिलेले असतात, म्हणजे इंग्रजीत 'पी'ने सुरू होणारी पाच लक्षणं: वेदना, फिकटपणा, मुंग्या, लुळेपणा, नाडी न लागणं. त्यातल्या नाडीच्या भरवशावर राहू नका; नाडी जाते ती फार उशिरा, तोवर स्नायू गेलेला असतो. लवकर कळणाऱ्या दोनच खुणा आहेत. दुखणं मारापेक्षा जास्त आणि वाढत जाणारं, आणि तुम्ही बोटं हळूच सरळ केलीत की पोर किंचाळतं. मूल बोलून सांगत नाही, ते अस्वस्थ होतं, रडायचं थांबत नाही, वेदनाशामक पुन्हापुन्हा मागावं लागतं. रात्री वॉर्डात सिस्टर सांगतील, "हा झोपतच नाहीये." ते वाक्य ऐकलं की उठून जायचं. प्लास्टर, आतला कापूस, सगळं कातडीपर्यंत कापून उघडायचं, हात हृदयाच्या पातळीला ठेवायचा, उंच टांगायचा नाही, आणि तासाभरात आराम नसेल तर ऑपरेशन करून कप्पे मोकळे करायचे. पायाच्या नळीच्या फ्रॅक्चरमध्येही अगदी हेच.

प्लास्टर निघाल्यावर आजी तेल लावून कोपर जोरात चोळते, हेही इथलं नेहमीचं. कोपराभोवतीच्या स्नायूत त्याने हाड तयार होऊ शकतं आणि सांधा जाम होतो. डिस्चार्ज देताना आजीलाच समोर बसवून सांगा. आईला सांगून उपयोग होत नाही.

महामार्गावरचे दुचाकीचे अपघात तुम्हाला रोज दिसतील. नडगीवरून हाड बाहेर आलेलं असतं. ते ढकलून आत घालू नका. जखमेचा एकदा फोटो घ्या म्हणजे प्रत्येक जण पट्टी उघडून बघणार नाही, सलाइनची ओली पट्टी लावा, खपाटी बांधा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोचल्यापासून तासाभरात शिरेतून. संसर्ग टाळण्यात त्या पहिल्या डोसाच्या वेळेचा वाटा मोठा आहे; रेफर करायचं असलं तरी तो देऊनच ॲम्ब्युलन्स हलवा. गस्टिलो आणि अँडरसनचं १९७६ चं वर्गीकरण इथे कामाचं आहे, पण लक्षात ठेवा की खरा प्रकार ऑपरेशन टेबलावर जखम साफ केल्यावर ठरतो. शेतातली माती, शेण लागलेली जखम एक सेंटिमीटरची असली तरी तिला वरच्या, तिसऱ्या प्रकाराचीच वागणूक द्यायची. मांडीचं हाड मोडलं तर कातडी न फाटता लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साठतं, हेही डोक्यात असू द्या.

पावसाळ्यात पेशंट बदलतात. जांभ्या चिऱ्याच्या पाखाड्या आणि खळी शेवाळाने बुळबुळीत होतात आणि आज्या घसरतात. हात टेकला तर मनगट मोडतं. ॲब्रहॅम कॉलिसने डब्लिनमध्ये १८१४ साली हे फ्रॅक्चर वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी त्याने ते ओळखलं होतं. एक्स-रेच्या आधी तुम्हीही ओळखून दाखवा. प्लास्टर हातावरच्या गाठींच्या अलीकडे संपलं पाहिजे, आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलती राहिली पाहिजेत. मनगट थोडं वाकडं जुळलेली बाई भाकरी थापते. बोटं ताठरलेली थापू शकत नाही.

कुशीवर पडली तर खुबा. पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं, टाच उचलता येत नाही. सांध्याच्या आवरणाच्या आत मोडलं असेल तर पाऊल थोडंच वळतं. आवरणाच्या बाहेर मोडलं असेल तर पावलाची बाहेरची कड जवळजवळ खाटेला टेकते. हा फरक महत्त्वाचा, कारण हाडाच्या डोक्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच हाडाच्या मानेवरून चढतात. आत मोडलं की त्या तुटतात, हाड जुळत नाही, डोकं मरतं. म्हणून वयस्कर माणसात बहुधा सांध्याचा भाग बदलतात. बाहेरच्या भागाला रक्त भरपूर, तो रॉड किंवा स्क्रू घालून जुळतो. आणि कधी म्हातारी चालत येते, एक्स-रेही नीट दिसतो, पण जांघेत दुखणं जात नाही. तिला घरी पाठवू नका, एमआरआय करा.

इथे घरचे म्हणतात, "वय झालंय, आता कशाला ऑपरेशन? वजन लावून झोपवा." त्यांना खरं सांगा. झोपवून ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाला निमोनिया, पाठीला जखमा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या गाठतात. जगभरच्या नोंदींत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत करायचं ते तिला उठून बसवता यावं म्हणून. उपचार झाल्यावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध सुरू करायला विसरू नका. किरकोळ पडण्याने एकदा हाड मोडलं म्हणजे ठिसूळपणाचं निदान तिथेच झालं.

थांबू शकणारी दुखणी ओपीडी भरून टाकतात, आणि त्यांना तुमचा वेळ हवा असतो. लावणीत दिवसभर वाकलेल्या, उकिडवं बसून मासे कापणाऱ्या, चिरेखाणीत राबणाऱ्या माणसांची कंबर आणि गुडघे. कंबरदुखीतली बहुतेक सहा आठवड्यांत आपोआप कमी होते. झोपून राहिलं तर लांबते. एमआरआय मागायची घाई करू नका. काहीही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तर जवळपास निम्म्यांत चकती फुगलेली दिसते, आणि ती चिठ्ठी हातात पडली की धडधाकट माणूस स्वतःला आजारी समजायला लागतो. मात्र चार प्रश्न कधीच सोडायचे नाहीत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? ताप, वजन घटणं? पूर्वी कर्करोग? लघवी अडणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा? शेवटचं असेल तर ती आणीबाणी आहे, त्याच रात्री एमआरआय आणि ऑपरेशन. दुसरं असेल तर मणक्याचा क्षय आठवा. दोन मणके आणि मधली चकती एकत्र खाल्लेली दिसते. औषधं किमान वर्षभर चालतात.

गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, वजन कमी करणं आणि विरुद्ध हातात काठी एवढ्यानेच अनेकांची वर्षं निघतात. एक किलो वजन कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. काठी दुखऱ्या बाजूला धरणारे फार. ती हातात घेऊन चालून दाखवा.

ऑगस्ट-सप्टेंबरात एक पेशंट ऑर्थोच्या रांगेत चुकून उभा असतो. "पोटऱ्या दुखतत, पाय टेकूक गावना नाय." हात लावला तरी कळवळतो. ताप आहे, डोळे लाल आहेत, चार-आठ दिवसांपूर्वी शेतात चिखलात उभा होता. हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे. मूत्रपिंड आणि फुप्फुसं धोक्यात आहेत, त्याला वेदनाशामक देऊन परत पाठवू नका. आपल्या हाताने मेडिसिनला नेऊन सोडा. त्यात साधी वेदनाशामक मूत्रपिंडाला आणखी मारतात. सगळे लहान सांधे एकदम धरलेला, तापातून उठलेला माणूस असेल तर चिकुनगुन्या विचारा.

बंदरावरची माणसं शिंगाळ्याचा काटा बोटात मोडून येतात. बोट वाकून राहिलंय, संपूर्ण सुजलंय, तळव्याकडून कंडराच्या रेषेवर दाबलं की दुखतं, सरळ केलं की ओरडतो: कनव्हेलच्या या चार खुणा म्हणजे कंडराच्या आवरणात पू, आणि तो त्याच दिवशी काढायचा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याची खाऱ्या पाण्यातली जखम दिसते त्यापेक्षा फार जास्त दुखत असेल तर डोळ्यांआड होऊ देऊ नका. काही तासांत संसर्ग वर चढतो. हाच नियम बाळाच्या खुब्याला. तान्हं मूल एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना रडतं, ताप आहे: सुई घालून पू आहे का बघा, सकाळची वाट बघू नका. एका रात्रीत कूर्चा विरघळते.

खांदा निखळणं, मधुमेह्याचा आखडलेला खांदा, जन्मतः वाकडं पाऊल हे वाचून घ्या. वाकड्या पावलाचं एवढंच सांगतो, की पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत ते बहुतेक मुलांत सरळ होतं. घोळ होतो तो नंतर, चार वर्षांपर्यंत रात्री बूट घालायचा घरच्यांना कंटाळा येतो तेव्हा.

पोस्टिंगमध्ये प्लास्टर रूममध्ये बसा. तिथल्या जुन्या अटेंडंटकडून जे शिकाल ते कुठल्याच व्याख्यानात नाही. एक्स-रे नेहमी दोन दिशांचे, वरचा आणि खालचा सांधा धरून. मुलांत शंका असेल तर दुसऱ्या बाजूचाही. प्लास्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा नाडी, बोटांची हालचाल, संवेदना लिहा, वेळेसकट.

आणि रेफरची चिठ्ठी लिहायची पाळी येईल तेव्हा 'फ्रॅक्चर टिबिया, रेफर्ड' एवढंच लिहून सोडू नका. मार कधी लागला, पोचला कधी, नाडी आणि बोटं तेव्हा कशी होती, निघताना कशी आहेत, अँटिबायोटिक किती वाजता दिलं, पट्टी केव्हा सैल केली, शेवटचं काय खाल्लं. सोबत जाणाऱ्या माणसाला नख दाबून कसं बघायचं ते दाखवा, आणि वाटेत दर अर्ध्या तासाने बघायला सांगा. पांढरं पडून तसंच राहिलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा.